मागचे चौघे आणि फ्रिजवरचा डबा

१६ ऑगस्ट, शनिवार

नाही गेला! एकही चेंडू आत नाही गेला! शून्य-शून्य. लोक तोंडं पाडून घरी गेले, गोल बघायला मिळाला नाही म्हणून. आम्ही तिघं मात्र एकमेकांच्या गळ्यात पडलो. मी, नेलिदा आणि एबेर, मैदानावरची जुनी सोबत. एबेरचा चष्मा माझ्या विणलेल्या शालीत अडकला, तो सोडवायला गोलीलाच हसत जाळीपाशी यावं लागलं.

आम्ही बसतो आपल्याच गोलच्या मागे. आमच्या लुसेरो क्लबची बाकी सगळी मंडळी समोरच्या टोकाला, आपली पोरं गोल करताना बघायला. मध्यंतरात बाजू बदलली की आम्ही थर्मास काखेत मारतो, येर्बाच्या कडू चहाचा तुंबा हातात घेतो आणि मैदानाला वळसा घालून पुन्हा आपल्या गोलीच्या पाठीशी. ही खोड माझ्या म्हाताऱ्याची. वाल्देमार म्हणायचा, "गोल काय, कुणीही करतं. वाचवतो कोण, ते बघायचं." जन्मभर बघितलं, आणि बघितलं काय? आत येणारे चेंडू! दुसऱ्या डिव्हिजनमध्ये लुसेरोइतकी गळकी मागची फळी कुणाची नाही. आमच्या तोंडावर इतके गोल आदळलेत की नेलिदा जाळी हलली की आपोआप डोळे मिटते.

म्हातारा आता फ्रिजवर असतो. निळ्या झाकणाच्या बिस्किटाच्या डब्यात. स्मशानातून राखेसाठी लाकडी पेटी दिली होती, पण तिला वार्निशचा वास. सुतारकाम करूनही त्याला तो वास कधी सोसला नाही. तिसरं वर्ष चाललंय त्याला तिथे. हॉस्पिटलात एबेरला साक्षी ठेवून बोलला होता, "मला आपल्या गोलमध्ये पुरा, डाव्या खांबापाशी. पण आत्ता नको! सलग पाच सामने गोल खाल्ला नाही की मग. तोवर डोक्यावरून चेंडू जाणार आणि मला झोप लागायची नाही."

आम्ही हसलो होतो. पाच सामने! लुसेरो!

आज पहिला झाला.

१७ ऑगस्ट, रविवार

मिर्ताला फोनवर सांगितलं. माझी लेक, पण बापाची गंमत तिला कधी कळली नाही. "आई, बाबांना स्मशानात आजोबांच्या शेजारी कोनाडा घेऊया. लोक काय म्हणतील, फ्रिजवर नवरा!" म्हटलं, लोक म्हणतात फ्रिज जुना झालाय.

२० ऑगस्ट, बुधवार

सराव बघायला गेले. नवा कोच आलाय, बुटका, मान नसलेला. त्याने मागच्या चौघांना कंबरेला दोरी बांधली होती! चौघं एका दोरीत. एक पुढे सरला की चौघांनी सरायचं, एक डावीकडे की चौघं डावीकडे. आधी नुसते आपटत होते. मधला उंच ओल्मेदो — सगळे त्याला कपाट म्हणतात, कारण आहेच तसा, आणि गेल्या वर्षीपर्यंत कपाटासारखाच एका जागी उभा असायचा — तो पडला की चौघं पडायचे. मी तर पोट धरून हसले. मग त्यांची दोरी तुटली. पातळ होती. कोच शिव्या द्यायला लागला, क्लबात दुसरी दोरी नाही म्हणे.

माझं घर समोरच. मी गेले आणि कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. चांगली जाड, वाल्देमारने बोटीच्या सामानाच्या दुकानातून आणलेली. कोचने माझा हात धरला. "सेन्योरा, तुम्ही क्लबला वाचवताय."

चादरी आता खुर्च्यांवर वाळताहेत. नात कामिला म्हणाली, "आजी, घरात भुतं बसल्यासारखी वाटतात." तिनेच ही वही दिलीय मला, मनातलं लिहीत जा म्हणून. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण लिहिताना बरं वाटतं, कुणी मधे बोलत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाऊस. पाऊस म्हणजे तोर्ता, मैद्याच्या जाड पुऱ्या, तळायच्या. डबाभर तळून मैदानावर नेल्या, गरम गरम, प्लास्टिकखाली बसून खाल्ल्या. एक-शून्य जिंकलो. आपला गोल कुणी केला ते आम्हाला दिसलंही नाही, समोर धुकं होतं. पण मागचे चौघे! दोरी नव्हती तरी दोरी असल्यासारखे चालत होते. कपाट हलला की सगळे हलले. एबेर मला अजून 'दोन्या', बाईसाहेब, म्हणतो; पुन्हा पुन्हा सांगत होता, "बघा दोन्या झुल्मा, बघा, मधे फट नाही. हात घालायलासुद्धा फट नाही."

दुसरा.

घरी आल्यावर डब्याला सांगितलं. रेडिओ मी सामन्याच्या दिवशी त्याच्या शेजारी ठेवते, म्हणजे त्याला कळलेलंच असतं. तरी सांगितलं.

३० ऑगस्ट, शनिवार

काल एकोणतीस तारीख, म्हणून रिवाजाप्रमाणे बटाट्याची न्योकी केली, नशिबासाठी ताटाखाली नाणं ठेवून खाल्ली. एक नाणं डब्याखाली पण ठेवलं. नेलिदा म्हणाली, त्याला काय करायचंय नशीब? त्याला नाही, कपाटाला हवंय, मी म्हटलं.

आणि आज लागलं ते नशीब! शून्य-शून्य, पण दोनदा चेंडू खांबाला लागून परत आला. त्यावरून नेलिदा आणि एबेर जे भांडले! सामना संपला तरी उठायला तयार नाहीत.

"हा मोजायचा नाही," नेलिदा म्हणाली. "खांबाने वाचवलं. खांब काय आपला बचाव आहे?"

"अगं बाई, खांबाला का लागला ते बघितलंस का? कपाटाने त्यांच्या मारणाऱ्याला मधून येऊच दिलं नाही. कडेला ढकलत नेला. कडेवरून मारला की खांबालाच लागणार. ती जागा कपाटाने ठरवली, त्याने नाही!"

"आणि दुसरा?"

"दुसरा पण तसाच."

"दुसरा नशीब."

"बरं, दुसरा अर्धं नशीब."

दोघं माझ्याकडे वळले. म्हातारा माझा, तर निकाल माझा. मी म्हटलं, मोजा. का म्हटलं कोण जाणे. न मोजता आलं असतं.

३१ ऑगस्ट, रविवार

आज डबा पुसला. झाकणाच्या कडेला तेलाचे शिंतोडे उडालेत, मी तळत असते ना शेजारीच. तीन वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

६ सप्टेंबर, शनिवार

चौथा! दोन-शून्य!

आता सगळ्या वस्तीला कळलंय. हा एबेर, तोंड बंद ठेवता येईल तर शपथ. खाटीक मांस तोलता तोलता विचारतो, "काय दोन्या झुल्मा, म्हाताऱ्याने सामान बांधलं का?" सगळं दुकान हसलं. मी पण हसले. "कसलं सामान, एक डबा तर आहे!" पुन्हा हसले. बेकरीवाली म्हणाली, त्याच्या नावाने मेणबत्ती लावली. मैदानावर चेंडू उचलायला धावणारी पोरंसुद्धा ओळखायला लागली, "ही ती डबेवाली आजी!"

घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. सकाळी उठून मी पहिल्यांदा त्याला म्हणते, ऊठ रे. मग किटली ठेवते. मग त्याला काय काय सांगते — गुडघा कसा आहे, मिर्ता काय बोलली, बटाटे कसे निघाले. म्हणजे तो जिवंत होता तेव्हा इतकं ऐकून घेत नव्हता!

एक सामना राहिला.

९ सप्टेंबर, मंगळवार

दोरी परत मागायला गेले. खरं तर दोरीचं निमित्त. मनात होतं, बघावं, पोरं जरा ढिली पडली असतील. कुणाचा पाय मुरगळला असेल. कपाटाला सर्दी झाली असेल. देवा, मी काय काय मागत होते.

कोच म्हणाला, "घेऊन जा सेन्योरा, आता लागत नाही. दोरी आता त्यांच्या डोक्यात गेली." आणि खरंच. चौघं असे सरकत होते की जणू एका माणसाचे हातपाय. बघत राहावं असं. माझ्याच दोरीने केलं हे!

कपाट धावत कुंपणापाशी आला. हात पुसून माझा हात हातात घेतला. "आजी, शनिवारी मी कुणालाही आत येऊ देणार नाही. दोन वर्षांपूर्वी सगळं मैदान मला शिव्या देत होतं, तेव्हा डॉन वाल्देमार मला येऊन म्हणाले होते, पोरा, तू हळू नाहीस, तू फक्त उशिरा निघतोस." तसं झालं नसणार, तेव्हा म्हातारा डब्यात होता. तीन वर्षांपूर्वी असेल. पण त्याचे डोळे भरले होते, मी त्याचा हात थोपटला.

दोरी घरी आणून बांधली. तिला चार जागी गाठींचे वळ पडलेत, चार कंबरांचे. चादर तिथे नीट सरकत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

लिहिते.

शून्य-शून्य चालू होतं. आमच्यामागे आज जागा नव्हती! जी मंडळी जन्मात कधी या टोकाला आली नव्हती, ती सगळी आली. ढोलवाले पण. मिर्तासुद्धा आली, बापाचा जुना हिरवा मफलर घालून. मला वाटलं नव्हतं ती येईल.

शेवटची मिनिटं. त्यांचा चपळ पोरगा आत घुसला आणि कपाटाने — उशिरा! — पाय घातला. पेनल्टी.

नेलिदाने डोळे मिटले. एबेर गुडघ्यांवर. मिर्ताने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. सगळे तोंडातल्या तोंडात एकच म्हणत होते, अडव, अडव.

आणि मी म्हणत होते, जाऊ दे आत.

हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे. माझ्या लुसेरोच्या गोलमागे उभी राहून, अख्ख्या वस्तीत, मी एकटी देवाला म्हणत होते, आत जाऊ दे. एकच. मग पुन्हा पहिल्यापासून मोजू.

गोली उजवीकडे झेपावला आणि त्याने चेंडू अडवला.

काय तो गोंधळ! लोक मला उचलायला लागले. खाटीक रडत होता. कोण कोण माझे मुके घेत होतं. "दोन्या झुल्मा, म्हातारा घरी चालला! घरी चालला!" मी पण रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

१४ सप्टेंबर, रविवार

मिर्ता सगळ्यांना घेऊन आली. अंगणात असादो केला, बरगड्या, सॉसेज, सगळं. जावयाने निखारे छान धरले. मिर्ता डब्याजवळ जाऊन उभी राहिली, हात लावला, म्हणाली, "आई, तुझं बरोबर होतं. कोनाड्यात बाबा गुदमरले असते."

सगळे गेल्यावर चूल मी स्वतः साफ केली. राख चाळून ठेवली. बारीक, पांढुरकी निघाली. असं काही वाया घालवू नये.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मैदानाचं फाटक आमच्यासाठी उघडलं. दव होतं. चपला भिजल्या. आम्ही तिघं, मिर्ता, कामिला, कोच, आणि मागचे चौघेही आले, आंघोळ करून, केस विंचरून, लग्नाला आल्यासारखे. डाव्या खांबापाशी कपाटाने गवताचा चौकोन उचलला, हळू, केकचा तुकडा उचलावा तसा. मग हातानेच माती काढली. खोरं वापरू दिलं नाही कुणाला.

मी निळं झाकण उघडलं आणि ओतलं.

"एवढासाच का गं?" नेलिदा कुजबुजली.

"माणूस एवढासाच उरतो," मी म्हटलं.

एबेरने त्याच्या तुंब्यातला येर्बा वर टाकला, थोडं गरम पाणी ओतलं. वाफ आली. कपाट गुडघ्यावर बसून रडत होता, एवढा मोठा पोरगा, खांदे हलत होते. मग चौकोन परत बसवला आणि चौघांनी तळव्यांनी दाबला.

मिर्ता म्हणाली, "आई, तू रडत नाहीस?"

"शनिवारी रडले ना."

२० सप्टेंबर, शनिवार

सहावा! शून्य! गोलीने आधी वाकून डाव्या खांबापाशी माती शिवली. मग चौघांनी शिवली. नेलिदाने लाल फूल ठेवलं, पंचाने ते काढायला लावलं, तर सगळं टोक त्याच्या आईबापावर गेलं. दुसऱ्या अर्ध्यात एक चेंडू गोलीला हुकला, आता जाणार, जाणार, आणि त्याच खांबापाशी गवतात अडकून थांबला. थांबला! कपाटाने बाहेर मारला.

एबेर उठून आभाळाकडे नाही, खाली बघून ओरडला, "वाल्देमार! शाब्बास, म्हाताऱ्या!"

सगळे म्हणतात, आता आपल्या गोलमध्ये चेंडू जायचाच नाही. तो अडवतोय.

२१ सप्टेंबर, रविवार

तिथे असादोची राख आहे. म्हातारा इथेच आहे, फ्रिजवर, शेवयांच्या डब्यात. देव मला माफ करो, कपाट बरगड्यांच्या निखाऱ्यांवर रडला.

पण ती पेनल्टी गोलीने अडवली होती, मागच्या चौघांनी नाही. आणि दिली कुणी? कपाटाने. पुन्हा उशिरा निघाला. असल्याला सुधारलेला बचाव म्हणत नाहीत. म्हाताऱ्याला विचारलं, तो काही बोलला नाही, म्हणजे पटलंय.

अजून थोडे सामने बघू.