अर्धी वडी

धायरी, पुणे
५ जानेवारी २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

गिऱ्हाईक आलं की तू फोन ठेवून देतेस, म्हणून पत्र. सोबत चहाची अर्धी वडी आहे. आसामचा चहा, दाबून वडी केलेला. ठेवला की महिन्यामहिन्याने चव बदलते म्हणतात. कंपनीत माझं काम एवढंच, दर महिन्याला चाखायचा आणि काय लागलं ते लिहायचं. मला नुसता कडू लागतो! आमचे साहेब, अनंत सर, यांनी माझी नोंद दोनदा परत केली. ही चव पुस्तकातली आहे, म्हणाले. मला कायम करायचं की नाही ते जूनमध्ये ठरेल. तू वीस वर्षं टपरी चालवतेस, तूच चाखून कळव. दूध, साखर, आलं काहीही घालायचं नाही.

तुझी,
नम्रता

हिंगणघाट
२० जानेवारी

चि. नम्रता हिला आशीर्वाद आणि जयभीम.

वडी मिळाली. बिनदुधाचा चहा माणसाच्या हातात कसा द्यावा, म्हणून थोडं दूध घातलं. मग आलं. नागोराव भाऊजींनी एक घोट घेतला आणि घरी कोण आजारी आहे म्हणून विचारलं. बाकीचा मोरीत ओतला. घरातली पहिली पदवी याच्यासाठी घेतली काय? जेवत जा.

आई

धायरी
२ फेब्रुवारी

ती. आईस, जयभीम.

काहीही घालायचं नाही, एवढं एकच वाक्य होतं गं! नुसत्या गरम पाण्यात तीन मिनिटं ठेव. उकळू नकोस. आणि वडी मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नकोस, वास धरते. नोकरी माझी जाणार आहे, नागोराव काकांची नाही.

रागातच, पण तुझीच,
नम्रता

हिंगणघाट
१८ मे

चि. नम्रता हिला आशीर्वाद.

सांगितलंस तसाच केला. वडी गव्हाच्या डब्यात होती. दर महिन्याला एकदा घेते. आधी बाभळीची काडी चावल्यासारखी जीभ आखडते. मग मी ग्लास विसळायला बसते. सगळे विसळून झाले की घसा गोड होतो, आवळ्यावर पाणी प्यायल्यासारखा. त्याच पत्तीवर दुसरं पाणी घातलं तर नव्या माठाचा वास येतो. फेब्रुवारीत नव्हता. आता झालं, की अजून प्यायचा?

आई

धायरी
२९ जून

ती. आईस, सविनय जयभीम.

तुझं पत्र जसंच्या तसं नोंदीत उतरवून दिलं. सर खूश झाले. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन खरं सांगितलं. मग नोकरी आईलाच द्यायला हवी, असं म्हणून त्यांनी माझा उमेदवारीचा काळ तीन महिने वाढवला. मी तुझ्यावर उगाच चिडले. घोट घेतला की मी लगेच लिहायला बसत होते, थांबतच नव्हते.

काल चहा घेतला आणि खोलीतली सगळी भांडी घासली, सोबत राहणाऱ्या स्वरालीचीसुद्धा. शेवटच्या कढईला घसा गोड झाला. पण आई, मला आवळा नाही लागला. शाळेच्या वाटेवर पळसाच्या फुलाचा देठ चोखायचो ना, तेवढीच जेमतेम गोडी. तसंच लिहिलंय, माझ्या नावाने. काय ठरतं ते सप्टेंबरात कळेल.

वडी संपवू नकोस. तुझं पत्र माझं म्हणून दिलं यावर रागावलीस तरी चालेल, तुझी माया आहेच.

तुझी,
नम्रता