चंपीचं बाळंतपण

अहो,

आई पाय घसरून पडली, म्हणून दादासोबत बेलापूरला निघाले आहे. तुमचा फोन लागला नाही.

चंपी सकाळपासून काही खात नाही, सारखी माती उकरते आहे. शेजारच्या मालनमावशी बघून म्हणाल्या, "आज इनार बघ ही कुत्री." पडवीत खोक्यात तिची जागा केली आहे. जवळ पाणी ठेवा. पिल्लांना लगेच हात लावू नका. अडलीच तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

खोक्यात आपल्या बाळाची दुपटी अंथरली आहेत. बाळ गेल्यापासून मला ते कपाट उघडवत नव्हतं. आज उघडलं, पोटभर रडले आणि मोकळं वाटलं.

तुम्ही माझ्यासमोर कधी रडला नाहीत. आज घरात चंपीशिवाय कुणी नाही.

मोनिका