साहेबांच्या केबिनमधली खुर्ची

बाबा, तुमची खुर्ची या पावसाळ्यात मी एकदाही पुसली नाही. पाठीवर पांढरी बुरशी धरली आहे. आई येता-जाता बघते.

खुर्ची भोईवाड्याच्या आपल्या खोलीत आली तो दिवस मला आठवतो. गिरणीचा संप मोडून काही महिने झाले होते. तुम्ही कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात पुन्हा जायला लागला होतात, आणि एका दुपारी हातगाडीवरून ही तपकिरी चामड्याची खुर्ची चाळीत आली. आजी कुरकुरली, "देव आहेत तिथे चामडं?" तुम्ही म्हणालात, "साहेबांनी स्वतःच्या केबिनमधली दिलीय. इमानाने काम केलं की माणसं लक्षात ठेवतात." मी त्या वाक्यावर वाढले. शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

तिची निगा तुम्ही मला एकटीलाच शिकवलीत. रविवारी आधी मऊ कोरडं फडकं, शिवणीतली धूळ जुन्या ब्रशने काढायची, मग घट्ट पिळलेलं ओलं फडकं आणि लगेच पुन्हा कोरडं. उन्हात ठेवायची नाही, ओल्या भिंतीला टेकवायची नाही. एकदा मी मायेने खोबरेल तेल चोपडलं. चामडं काळवंडलं, चिकट झालं. तुम्ही माझं मनगट धरलंत. "चामडं आहे ते, केस नाहीत." मग कित्येक दिवस अबोला. एका संध्याकाळी चामड्याला लावायच्या मलमाची डबी आणून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." तेवढं मला पुरलं होतं. तुम्ही गेल्यावर खुर्ची आणि आई, दोघी माझ्याकडे दादरला आल्या.

आईचा भाऊ, माझा मामा, तुमच्याच गिरणीत साच्यावर कापड विणायला होता. संपानंतर त्याला परत घेतलं नाही. लालबागच्या फुटपाथवर भाजीची पाटी मांडून त्याने आयुष्य काढलं. घरी आला की तो जमिनीवर बसायचा. मला वाटायचं, संकोच.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी त्याला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी वाकायला, खाली बसायला मनाई केली होती. मी खुर्ची पुढे ओढली. "मामा, बस."

"माका खालीच बसूची सवय आसा."

"डॉक्टर काय म्हणाले? हट्ट करू नकोस."

तो दाराची चौकट धरून उभाच राहिला. मी पुन्हा आग्रह केला तेव्हा हळूच म्हणाला, "बाय, तुझ्या बापाशीन नावां दिल्यान. माझा पयला."

"कसली नावं?"

"संप मोडल्यावर कोणाक परत घेवचा नाय, त्येंची. ही खुर्ची त्येच्यासाठीच गावली."

मग तो माझ्या पलंगाच्या कडेला बसला आणि चहा मागितला.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "त्यांची नोकरी राहिली म्हणून तू शिकलीस. आणि तुला बाप किती आवडायचा. मी काय सांगणार होते?" तिने मान वर केली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तीही त्या खुर्चीत कधी बसलेली मी पाहिली नाही. म्हणजे घरात मी एकटीच होते, बाबा, जिला काही ठाऊक नव्हतं. आणि पुसायला तुम्ही नेमकं मलाच निवडलंत.

खरं तर मला मामासाठी चीड यायला हवी. त्याचं काम गेलं, उमेद गेली, मेव्हण्यावरचा विश्वास गेला. पण राग येतो तो माझ्या रविवारांसाठी, त्या डबीसाठी. हे मी मामाला सांगू शकत नाही, आईला तर नाहीच, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हा कागद फाडून टाकेन.

परवा मामा त्याच्या घरी गेला. आई देवळात गेली होती. मी त्या बुरशीसकट खुर्चीत बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. आणि बाबा, मला तुमची फार आठवण आली.