त्यांच्याकडे अशी पद्धत असते का

प्रिय ग्यूचल,

रविवारी तुझ्या प्रश्नाला "नंतर सांगते" म्हणून मी फोन ठेवला, त्याचा तुला राग आला असणार. "ताई, तू या विषयाची एवढी प्राध्यापक, मग सांग ना, व्हिएतनामी बायका अशा न सांगता निघून जातात का? त्यांच्याकडे अशी पद्धत असते का?" असं तू विचारलंस, आणि मागून आईचा आवाज आला, "असतेच. तिला काय विचारतोस?" तू फोन स्पीकरवर टाकून काम करतोस आणि आई लसूण सोलत सगळं ऐकत बसते, म्हणून हे पत्र. पॉलीहाऊसमध्ये खरबुजांच्या रोपांजवळ एकटा असशील तेव्हा वाच.

खरं सांगू? हा प्रश्न ऐकला की हल्ली माझं डोकं उठतं. मी काय शिकवते हे कळलं की जो तो हाच प्रश्न घेऊन येतो. माझा दातांचा डॉक्टर माझ्या तोंडात हात घालून विचारतो, चिनी लोक एवढ्या मोठ्यानं का बोलतात. आमच्या इमारतीचा वॉचमन विचारतो, मंगोल मुलं कचरा वेगळा का करत नाहीत. मी म्हटलं, काका, तिसऱ्या मजल्यावरचे किम साहेबही करत नाहीत. तर म्हणतो, "ते आळशी आहेत हो. यांचं मात्र संस्कृतीमुळे असणार." बघ म्हणजे. आपल्या माणसाला स्वभाव असतो, बाहेरच्याला संस्कृती.

आमच्या विद्यापीठाची अवस्था तुला ठाऊक आहे. ग्यंगसानला आता कोरियन मुलं यायला तयार नाहीत, सगळ्यांना सोलला जायचंय. त्यामुळे माझ्या वर्गात निम्मी मुलं उझबेकिस्तान, मंगोलिया, चीन, व्हिएतनामची. वेगवेगळ्या देशांच्या मुलांनी एकमेकांना समजून कसं घ्यावं, एकत्र काम कसं करावं, हा माझा विषय. कुठल्या समाजात वेळेचं काय, मोठ्यांपुढे कसं बोलावं, नकार कसा द्यावा, याचे तक्ते पुस्तकात असतात. मुलांना ते फार आवडतात. परीक्षेला पाठ करता येतात ना.

या सत्रात प्रत्येक गटाला मिळून एक प्रकल्प करायचा होता. एका गटाची प्रमुख दाहे. पोहांगची मुलगी, हुशार, नीटनेटकी, कधी कुणाला दुखवणार नाही अशी. तिच्या गटात ओताबेक नावाचा उझबेक मुलगा होता. उंच, हसरा, तोंडाची टकळी सतत चालू. सत्राच्या मधोमध तो यायचा बंद झाला. मी दाहेला विचारलं तर म्हणाली, "येतो मॅडम अधूनमधून. आम्ही सांभाळून घेतो." मीही पुढे गेले. साठ मुलांचा वर्ग, त्यात विभागप्रमुखांच्या रोजच्या बैठका.

गेल्या आठवड्यात त्यांचं सादरीकरण झालं. दाहेनं पडद्यावर सुंदर रंगीत तक्ता लावला. डावीकडे कोरियन माणसाची वेळेची कल्पना, उजवीकडे मध्य आशियातल्या माणसाची. खाली उदाहरण म्हणून, नाव न घेता, त्यांच्याच गटातला एक सदस्य: भेटींना येत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, पण आम्ही रागावलो नाही, कारण त्याच्या संस्कृतीत वेळ लवचीक असते हे आम्ही शिकलो आहोत. विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि ओताबेक आत आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, चेहरा उतरलेला. तो मागेच उभा राहिला आणि पडद्यावरचं सगळं वाचलं. सावकाश, कारण कोरियन वाचायला त्याला अजून वेळ लागतो.

मग म्हणाला, "दाहे, मी आलो नाही ते उझबेक आहे म्हणून नव्हे. पुठ्ठ्याच्या कारखान्यात माझा हात मशीनमध्ये गेला होता. दोन बोटं गेली."

दाहे पांढरी पडली. "मला वाटलं... विचारणं बरं दिसणार नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी रडवेली होऊन, "मॅडम, तुम्हीच सांगता ना, दुसऱ्याच्या रीतीला आपल्या मापानं मोजू नका म्हणून."

सांगते म्हणजे काय, दर सत्रात सांगते. फळ्यावर लिहूनसुद्धा दाखवते. त्या क्षणी ते पुस्तक खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटलं मला. हॉस्टेलच्या एकाच इमारतीत, दोन मजले खाली, हा मुलगा डाव्या हातानं कोरडे नूडल्स चावत पडून होता, आणि वरच्या मजल्यावर त्याचे मित्र त्याच्याबद्दल इतका आदर बाळगून होते की एकानंही दार वाजवलं नाही.

पण ओताबेकचं पुढचं वाक्य मला जास्त लागलं. तो म्हणाला, "तुझंच काय घेऊन बसलीस. आई फोनवर रोज विचारायची, कॉलेजातलं कुणी भेटायला आलं का रे? कोरियात अशी पद्धत नसते का? मी म्हणायचो, नसते आई. हे लोक असेच असतात, मनानं वाईट नसतात. मलाही तेवढंच सोपं होतं. नाहीतर तुमच्यापैकी कुणाला तरी फोन करून, या रे, दुखतंय, असं म्हणावं लागलं असतं."

तास संपल्यावर विभागप्रमुखांनी मला बाहेर गाठलं. म्हणाले, मुलाचं वाईट झालं, पण तक्ता उत्तम आहे, तेवढं उदाहरण काढून प्रांताच्या स्पर्धेला पाठवू. मी त्यांना काय म्हणाले ते लिहीत नाही. निवृत्तीला माझी थोडी वर्षं उरलीत, ती बहुधा मला तळघरातल्या खोलीत काढावी लागतील.

दाहेनं मात्र एक गोष्ट केली. त्याच संध्याकाळी ती पाइनच्या बियांची तांदळाची पेज घेऊन त्याच्या खोलीवर गेली. पेज पाहून तो म्हणाला, "हे काय, मी म्हातारा झालोय? मटण नाही मिळालं कुठे?" ती म्हणाली, "मला काय माहीत तुला काय आवडतं." तो म्हणाला, "मग विचार ना." आता कारखान्याकडून त्याची भरपाई मिळवण्यासाठी ती त्याच्याबरोबर कामगार कचेरीत खेटे घालते. परवा दोघं तिथल्या बाकावर कडाकडा भांडताना दिसली. सगळ्या सत्रात मला पहिल्यांदा वाटलं की यांना काहीतरी शिकता आलं.

हे सगळं तुला कशासाठी सांगतेय, म्हणशील. आता नीट वाच. तुझी लोआन व्हिएतनामला गेलेली नाही. ती माझ्याकडे आहे. आईनं फोनवर "असतेच" म्हटलं तेव्हा ती माझ्यासमोर बसली होती आणि तिनं ते ऐकलं. तू वाईट नवरा नाहीस, हे तिनंच मला सांगितलं. शरदात ती जेवेनाशी झाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली, तेव्हा तू शेजारी राहणाऱ्या पार्कला विचारलंस, कारण त्याचीही बायको तिकडची. तो म्हणाला, थंडी आली की या बायका अशाच होतात. मग तू तिच्यासाठी जाड रजई आणलीस, तिकडचे तांदळाचे नूडल्स मागवलेस, रोज तिच्या उशाशी ठेवलेस आणि कामाला गेलास. सगळ्यांना विचारलंस, ग्यूचल. पार्कला, आईला, मला. तिला सोडून. आणि तीही गप्प राहिली, कारण तिला वाटलं, कोरियन पुरुष असल्या गोष्टी बोलत नाहीत. त्या दिवसांत एकदा ती एकटीच बसनं तेगूच्या दवाखान्यात गेली होती आणि एकटीच परत आली होती. तुम्ही दोघं इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होतात, त्याबद्दलचं आहे ते. एवढं लिहायला तिनं हो म्हटलंय. बाकीचं तिच्या तोंडून ऐक. शनिवारी ये. आईला आणू नकोस आणि नूडल्सही आणू नकोस. माझ्याकडून काही शिकून जायचं असेल तर तसलं काही माझ्याकडे नाही. मी दुपारभर बाहेर राहीन. व्हिएतनामी बायकांशी कसं बोलायचं याचा विचार करत बसू नकोस. लोआनजवळ बस आणि तिला विचार, काय झालं.

तुझ्यावर वैतागलेली, तरीही तुझीच,
सनओकताई