रेंतीला राजेसाहेबांआधी अग्नी द्यावा

मी, ई न्योमान गेंदरा, वय शहात्तर, राहणार बातुसारी, बाली बेट, धंदा राजघराण्याच्या अंत्ययात्रेत शव वाहून नेणारे मनोरे बांधणे, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. पाय गेले, डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास सुनेला विचारावे. भाजीतल्या मिठावरून मी तिला आजही बोललो.

राहते घर मुलगा वायान सुताबा यास मिळावे. चार वर्षांचा त्याचा अबोला वारसाहक्काच्या आड येऊ नये.

करवती, पटाश्या, कोयते पुतण्या लांद्रा यास. मेहुणा लातेप यास एक खिळाही देऊ नये. एकाहत्तर साली राणीसाहेबांच्या मनोऱ्याला त्याने ओला बांबू लावला, भर मिरवणुकीत एकावर एक रचलेली छपरे कलली आणि शिव्या मी खाल्ल्या.

आता खरे कलम. माझी पत्नी रेंती अठरा वर्षांपूर्वी वारली. तिला रिवाजाप्रमाणे तात्पुरते पुरले. दहन होईपर्यंत जीव सुटत नाही. आमच्यातले कितीतरी राजाच्या दहनासाठी थांबतात, म्हणजे त्याच्या मागोमाग आपल्याही माणसाला अग्नी मिळतो. राजेसाहेब तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मरताना ती म्हणाली, "अहो, मला ताटकळत ठेवू नका. गावाबरोबर जाळा."

मी म्हणालो, "वेडी का काय? अकरा छपरांच्या मनोऱ्यामागून जाशील, तोही माझ्या हातचा."

गावाची सामुदायिक दहने तीनदा झाली. तिन्ही वेळा मी नाही म्हटले. राजेसाहेब उठून बसले. आज चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्या मरणाची मी रोज वाट पाहिली. शेवटी वायान म्हणाला, "बाबा, तुमच्या कारागिरीपायी आईला मातीत डांबलंत." तेच त्याचे शेवटचे बोलणे. खरे बोलला.

म्हणून हा कागद मी मेल्यावर नव्हे, आजच वाचावा. वायान, हा विधी मुलानेच करायचा असतो. तुझ्या पाया पडतो. बापाने पडू नये, पण पडतो. पुढचा शुभ दिवस धर आणि आईला काढ. राजवाड्याला विचारू नकोस. मनोऱ्यासाठी राखलेला सोनेरी कागद तिच्या पालखीला लाव. पालखी चौकात तीनदा फिरव, म्हणजे तिला घराची वाट सापडणार नाही. परत येण्यासारखे मी तिच्यासाठी काही ठेवलेले नाही.

मी मेल्यावर मला तिच्या रिकाम्या खड्ड्यात पुरावे. नंतर राजेसाहेबांचे दहन होवो की गावाचे, मला काढू नये. तिच्यासारखी माझीही अठरा वर्षे पुरी होऊ द्यावीत.

सही: ई न्योमान गेंदरा
साक्षीदार: ई मादे लुंग्सिर, वस्तीप्रमुख, ई कतुत रावी, शेजारी
बातुसारी, ३ सप्टेंबर १९९६