न लावलेली पाणसळ

दि. ३ नोव्हेंबर

चि. बारकीस दादाचे अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र तुझ्याआधी उघडणाऱ्या तुमच्या व्यवस्थापकसाहेबांना सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. कात्रीने उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. स्नूकरची टेबलं बसवणारा माणूस एका खेळाडूचा सख्खा भाऊ निघाला, एवढ्यावरून शिबिरात तुझा फोन काढून घेतात आणि आपली पत्रं वाचतात, म्हणजे कमालच झाली. मी तुला असं काय गुपचूप कळवणार आहे? टेबलं सरळ आहेत, एवढंच गुपित माझ्याकडे आहे. साहेबांनी हवं तर ते समोरच्या संघांनाही सांगावं.

स्पर्धेच्या हॉलमध्ये चारही टेबलं बसवून झाली. एकेका टेबलाला पाच दगडी पाट्या. एक पाटी उचलायला चार माणसं लागतात, आयोजकांनी दिली दोन, त्यातला एक कमरेला पट्टा बांधून आलेला. हॉलची जमीन लाकडी आहे. आठही पायांखाली पाचरी मारायच्या, पाणसळ लावायची, तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की जरा हुश्श करायचं, तेवढ्यात शेजारच्या हॉलमधले नाचाच्या स्पर्धेवाले टाचा आपटायला लागतात आणि बुडबुडा चालला फिरायला. मी दोनदा जाऊन सांगून आलो. दुसऱ्यांदा त्यांनी मलाच पास विचारला.

तू वेळेवर जेव. गेल्या वर्षी एका सोप्या लाल चेंडूवर तुझा हात हलला काय आणि निवड समितीने तुझ्या नावापुढे 'दबावाखाली हात थरथरतो' असं लिहून ठेवलं काय. ते डोक्यात घेऊन टेबलाशी जाऊ नकोस. स्टुलावर उभी राहून खेळायचीस तेव्हापासून तो हात मी बघतोय.

वहिनीचे आशीर्वाद. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
दादा

दि. ७ नोव्हेंबर

ती. दादास बारकीचा सा. न. वि. वि.

व्यवस्थापकसाहेबांना तुझा नमस्कार पोचला. इतका पोचला की त्यांनी जेवणाच्या टेबलावर तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची कॅप्टनताई हसून हसून बेजार. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कृपा कर आणि मी जेवते की नाही हे यापुढे सरकारी पत्रव्यवहारात आणू नकोस.

इथे बाकी ठीक. प्रशिक्षकांनी परवा स्वच्छ सांगितलं की या वेळी मोक्याच्या क्षणी हात हलला तर पुढच्या वर्षीच्या संघात माझा विचार होणार नाही. तू म्हणतोस डोक्यात घेऊ नकोस, पण रोज सकाळी कोणी तरी ते डोक्यात नव्याने घालून जातं त्याला मी काय करू?

आणखी एक कटकट. साहेबांचं म्हणणं, ज्या दिवशी माझा सामना असेल त्या दिवशी तू टेबलाला हात लावू नयेस, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, सामन्याच्या सकाळी पाणसळ लावून बघणं हे बसवणाऱ्याचं कामच आहे, ते त्याने नाही करायचं तर कोणी करायचं. त्यावर ते घसा खाकरून निघून गेले. तू त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, नेहमीसारखं तुझं काम कर. हे वाक्य त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

वहिनीला नमस्कार. राग आला तरी प्रेम कमी करू नये.

तुझी,
बारकी

दि. १९ नोव्हेंबर

चि. बारकीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

रौप्यपदकाबद्दल पोटभर अभिनंदन. आता पुढचं ऐक, कारण मी अगदी मेटाकुटीला आले आहे.

या स्पर्धेत सगळे खेळ मिळून देशाच्या पथकाला एकवीस पदकं मिळाली म्हणून पेपरात पानभर मजकूर आहे. पोहणाऱ्यांचे फोटो, बुद्धिबळवाल्यांचे फोटो, त्या टाचा आपटणाऱ्यांचासुद्धा फोटो. तुमच्या संघाला सहा ओळी, आणि त्यातल्या चार तुझ्या हाताला. शेवटचा काळा चेंडू, सोनं एका फटक्यावर, आणि हात थरथरला असं तूच कबूल केलंस म्हणे. काल दिवसभर लोक येत होते. आधी अभिनंदन करतात, मग सांत्वन करतात, आणि दोन्हीला चहा मलाच ठेवावा लागतो.

ह्यांचं तर काही विचारूच नकोस. पेपर वाचून म्हणाले, तिचा हात थरथरलेला नाही. मी म्हटलं, ती स्वतः म्हणते आहे. तर म्हणे, तिला काय कळतंय. टेबलं उतरवायच्या आधी सकाळीच हॉलवर जाऊन आले. तेव्हापासून नुसते पाणसळ घेऊन घरभर हिंडतात. जेवणाचं टेबल वाकडं निघालं, पुस्तकांची फळी वाकडी निघाली, खिडकीचा कट्टा वाकडा निघाला. इतकी वर्षं मी कुठल्या घरात संसार करते आहे ते मला आता कळलं.

त्यांना विचारलं तर सांगत नाहीत. तू तरी खरं काय ते लिही. हात हलला असला तरी तू आमची आहेसच, पण हलला का, एवढंच सांग.

घरची आठवण असू द्यावी, आणि ती चार ओळींत कळवावी.

तुझी,
वहिनी

दि. २० नोव्हेंबर

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

स्पर्धा संपली, आता हे पत्र कोणी उघडणार नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुझा हात हलला नाही. टेबल कललेलं होतं. फायनलच्या दुसऱ्या दिवशी मी पाणसळ लावली. मधल्या खिशाच्या बाजूचा एक पाय खचला होता. फायनलच्या सकाळी चित्रीकरणवाल्यांनी त्या पायाशेजारीच लाकडी माचा उभारला, वर तीन माणसं आणि त्यांची यंत्रं, त्या वजनाने तिथली जमिनीची फळी दबली. फार नाही, पण हळू सोडलेला चेंडू डावीकडे ओढायला तेवढं पुरे होतं.

आणि हे सकाळी कळलं नाही, कारण सकाळी मी गेलोच नाही. उपांत्य सामन्यापर्यंत रोज सकाळी पाणसळ लावली. फायनलला म्हटलं, सोन्याचा सामना आहे, बहीण खेळते आहे, उद्या कोणी बोट दाखवायला नको. कामातल्या जोडीदाराला टेबलावरच्या कापडाला इस्त्री करायला पाठवलं आणि मी घरी बसून राहिलो. मी पाणसळ लावली असेल असं तो समजला. तू लिहिलं होतंस, नेहमीसारखं काम कर म्हणून. तेवढं एक मी ऐकलं नाही. लोकांच्या तोंडाला घाबरलो आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत बसलो. याची मला लाज वाटते.

तू मात्र पंचांना हात थरथरला असं का सांगितलंस, हे मला समजत नाही. चेंडू वळताना तुला दिसला नाही, यावर माझा विश्वास नाही. उद्या संघटनेला सगळं लेखी देतो आहे. निकाल बदलणार नाही, पण तुझ्या नावापुढचं ते वाक्य तरी पुसलं जाईल.

माझ्यावर राग धर, पण बोलणं टाकू नये.

तुझा,
दादा

दि. २५ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुला काय म्हणावं हेच मला कळत नाही. संघटनेला लिहून देण्याआधी मला एका शब्दाने तरी विचारायचंस.

हो, दिसला. अर्ध्या वाटेतच चेंडू डावीकडे झुकायला लागला ते मला दिसलं. पंचांनी विचारलं, टेबलाबद्दल काही तक्रार आहे का. अर्ध्या तासात तक्रारीवर सही केली असती तर टेबल तपासून तो डाव पुन्हा खेळवला असता. आणि टेबल कोणी बसवलं ते सगळ्या हॉलला माहीत होतं. मी म्हटलं, तक्रार नाही, हात थरथरला. माझ्याबद्दलचं ते वाक्य तसंही फायलीत होतंच, पुन्हा एकदा लिहिलं असतं. तुझ्या नावावर मात्र तीस वर्षांत एक डाग नव्हता.

तू तुझा कागद दिलास आणि संघटनेने त्याची प्रत आमच्याकडे पाठवली. कॅप्टनताईने सगळ्यांसमोर वाचली. मग तिने मला विचारलं की चेंडू वळलेला तू पाहिलास का. मला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, ते सोनं तुझ्या एकटीचं नव्हतं, तिघींचं होतं, भावाला द्यायला तुला आमचं कोणी दिलं?  ती पाच वर्षं या एका सामन्यासाठी खेळत होती. मी तिला विचारलंही नाही, जसं तू मला विचारलं नाहीस. आपण दोघे एकाच मातीचे.

 काल निवड समितीची बैठक झाली. मला वाटलं, गेले. तर तिने समितीला सांगितलं की हिचा हात ठीक आहे, डोकं मी बघून घेईन. मी संघात आहे. जानेवारीत सामने आहेत. तिची अट एकच, टेबलाजवळ काही दिसलं की आधी तिला सांगायचं, आणि टेबल बसवणारा कोणाचा काका असो की भाऊ, सकाळची पाणसळ चुकवायची नाही.

हात थरथरला असं का सांगितलंस, असं तू विचारतोस, तेही सांगते. चेंडू वळायला लागला तेव्हा मला पदक दिसलंच नाही, तुझा चेहरा दिसला. म्हणून तसं बोलून गेले. संघटनेने तुझं काय केलं ते लगेच कळव. मला झोप लागत नाही.

तुझ्यावर चिडलेली, तरीही नेहमीसारखाच लोभ मागणारी,
बारकी

दि. २ डिसेंबर

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

वाक्य पुसलं, तसं संघटनेचं पत्र आलं. त्याच पत्रात माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलंय आणि खालच्या परिच्छेदात मला वर्षभरासाठी टेबलं बसवणाऱ्यांच्या यादीतून काढलंय. दोन्ही योग्यच आहे. क्लबांची टेबलं आहेतच, उपाशी मरत नाही. तू झोप.

कॅप्टनताईंना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. माफी मागितली तर त्यांचं सोनं परत येत नाही हे मला कळतं, तरी मागितली.

यादीत नाव नाही, म्हणजे मी आता टेबलं बसवणारा नाही, नुसता प्रेक्षक, आता तुझ्या सामन्याला कोणी मला हॉलमधून बाहेर काढू शकत नाही. जानेवारीच्या सामन्यांची दोन तिकिटं काढली आहेत, एक माझं, एक वहिनीचं. इतकी वर्षं तू खेळायला आलीस की मी दाराबाहेर उभा राहायचो. एकदा आत बसून बघायचं आहे.

आणि नीट ऐक. चेंडू वळतो तेव्हा माणसाने चेंडूकडे बघायचं असतं, भावाच्या चेहऱ्याकडे नाही. हे मी तुला स्टुलावर असतानाच शिकवायला हवं होतं. मी अगदी शेवटच्या रांगेत बसेन. तू माझ्याकडे बघायचं नाहीस.

आशीर्वाद आहेतच, मागावे लागत नाहीत.

तुझा,
दादा