आत्याची ठेव

२ जुलै १९९४, शनि.
बँकेचा तास मलाच दिला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तुमचं बी.एड. नाही, पण हिशेबाला पक्क्या आहात." आठवी ब. आज पैसे भरायची स्लिप. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, शेवटी 'फक्त'. मुर्धा गावची कामिनी उठली. "बाई, फक्त कशाला लिवायचं?" पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून, असं सांगितलं. "म्हंजे बँकवाल्यांचा पन भरवसा न्हाय."
हसण्यात तास संपला.
घरी बाबांना सांगितलं. खुलले. गोदीच्या हिशेबखात्यात जन्म गेला त्यांचा, मी शिकवते ते सगळं त्यांचंच. "'फक्त'नंतर उरलेल्या जागेत रेघ मारायला सांगितलीस का?"
राहिलीच. पुढच्या शनिवारी आधी रेघ.

९ जुलै, शनि.
रेघ सांगितली. मग चक्रवाढ व्याज. उदाहरण माझ्याच ठेवीचं घेतलं, मलाही बाबांनी तसंच शिकवलेलं. आत्या नर्स होती, लग्न केलं नाही. जाताना माझ्या नावावर आठ हजार ठेवून गेली, साल ८२. तेव्हापासून दर वाढदिवसाला जेवणं झाली की बाबा कोरा कागद घेऊन मला शेजारी बसवतात, आणि आम्ही दोघं मिळून ठेवीत एक वर्ष वाढवतो. दहा टक्के धर, सोपं पडतं.
मुलांनी बारा वर्षं फळ्यावर चढवली. पंचवीस हजार एकशे सात. कुणीतरी शिट्टी मारली.
"बाई, मंग तुमी नोकरी कशाला करता?" कामिनीच.
सांगितलं की याच पैशातून बी.एड. करणार, म्हणजे नोकरी कायम होईल. पगार घरी देते ते सांगितलं नाही.
"पावती बघितली का तुमी?"
"बाबांकडे असते."
"आमची आजी म्हनते, दिसत न्हाय तो पैसा न्हाय."
पुढच्या वेळी पावती आणून दाखवते म्हटलं. मुलांनी खरी पावती कधी पाहिलेली नाही, पाहायलाच हवी.

१२ जुलै
बी.एड.च्या यादीत नाव आलं. फी ३० तारखेपर्यंत. दोनदा जाऊन वाचलं, तिसऱ्यांदा जायची लाज वाटली.
बाबांना म्हटलं, ठेव मोडावी लागेल, पावती काढून ठेवा. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "शोधतो."
बाबांना काही शोधावं लागतं हे नवीन. गिरगावच्या जुन्या खोलीची लाइटबिलं अजून तारखेवार लावून ठेवलीत त्यांनी.

१६ जुलै, शनि.
पावती नाही. बाबा आता म्हणतात, बँकेतच ठेवलीय. वर्गात मी "विसरले" म्हणाले. का म्हणाले? 'बँकेत आहे' म्हणता आलं असतं. ते तोंडातून निघेना.

१९ जुलै
आईने सांगितलं. मेथी निवडत होती, माझ्याकडे बघितलं नाही. "त्यांच्यामागे सारखी पावती पावती लावू नकोस ग. नाहीये ती."
८७ साली मोडली. मीरा रोडला ही जागा घेताना बिल्डरला द्यायला कमी पडत होते. मी अज्ञान, अठराच्या आतली, पालक म्हणून बाबांची सही पुरली. जागा दादाच्या नावावर, कर्ज त्याला मिळत होतं म्हणून.
"मला का नाही सांगितलं?"
"दहावीचं वर्ष होतं तुझं. आणि तू काय नाही म्हणणार होतीस?"
वाढदिवसाचा हिशेब चालायचा तेव्हा आई खिरीच्या वाट्या घेऊन तिथेच उभी असायची. दरवर्षी. "झालं का ग तुमचं, खीर गार होतेय."

२० जुलै
बाबांशी बोलले. आवाज चढवला नाही. त्यांनीही नाही.
"पैसे गेले कुठे, सुमा? घरातच आहेत. त्याच घरात राहतेस ना तू?"
"मग दरवर्षी आपण हिशेब कसला मांडत होतो?"
चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझं गणित पक्कं व्हावं म्हणून."
झालंय पक्कं. ठेव मोडल्यानंतरचे किती वाढदिवस ते मोजलं. एका वर्षी मी नुसत्या पैशांत चुकले, रुपये बरोबर होते, तर अख्खा कागद पुन्हा लिहायला लावला होता. ज्या पैशांचा एक पैसा शिल्लक नव्हता, त्यांचा.
आणि अठरा पूर्ण झाल्यावर ठेव माझ्या सहीवर यायला हवी होती. मुलांना मी हेच शिकवते. मला कुणी सहीला बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबा बघतात म्हटल्यावर...

मागितले असते तर दिले असते. हे त्यांना माहीत होतं. मग मागितले का नाहीत?

२३ जुलै, शनि.
कामिनीने विचारलंच. सांगितलं. ठेव पूर्वीच मोडली होती, मला ठाऊक नव्हतं. कुणी मोडली ते सांगितलं नाही, पण मुलं काय लहान आहेत.
नया नगरचा इरफान म्हणाला, "म्हणजे बाई, फळ्यावरचं चूक होतं?"
"नाही. फळ्यावरचं बरोबर होतं."
सुटल्यावर कामिनी दाराशी थांबली. "बाई, आमी कोनाला सांगत न्हाय."
घरचं बाहेर नेलं. आईला कळलं तर बोलायची नाही माझ्याशी. पण खोटं उदाहरण वहीत तसंच राहू द्यायचं?

२६ जुलै
दादा म्हणाला, "फी मी भरतो ना. उसने समज. कायम झालीस की सावकाश फेड, व्याज नको मला."
वहिनी म्हणाली, "सख्खा भाऊ म्हणून, नाहीतर आजकाल कोण करतं?"
दादा मनापासून बोलत होता. म्हणूनच जास्त लागलं. तुला ठेवीचं माहीत होतं का, विचारलं.
"जुनं कशाला उकरतेस, सुमे."
म्हणजे होतं. तिघांनाही.

३० जुलै, शनि.
फी भरली नाही. दादाचे घेतले असते तर माझेच पैसे मी उसने घेतले असते, आणि आयुष्यभर उपकार. मुख्याध्यापिका बाईंना पुढच्या वर्षी म्हणून सांगितलं. "बघा बाई, कायमची जागा काही थांबत नाही," म्हणाल्या.
आता पगारातले अर्धे घरी, अर्धे माझे. आईला सांगितलं. कणीक मळत राहिली.

३ ऑगस्ट
शाळेआधी भाईंदरच्या शाखेत. एकटीच्या नावाने खातं. क्लार्क म्हणाले, "ओळख कोणाची? आमच्या खातेदाराची सही लागते." मग नाव वाचून, "अरे, तुमचे वडील आहेत की आमच्याकडे. सरळ माणूस. त्यांचीच आणा, घरच्या घरी काम."
मुख्याध्यापिका बाईंची घेता येईल. पण त्या विचारणार, वडील असताना मी कशाला?

५ ऑगस्ट
फॉर्म टेबलावर राहिला होता. शाळेतून आले तर बाबा तोच वाचत बसलेले. वेगळं खातं कशाला, असं विचारलं नाही. ओळखीच्या रकान्यापाशी पेन धरलं होतं. 'अर्जदारास मी ..... वर्षांपासून ओळखतो.'
"तेवीस लिहू ना?"
मी चपला काढत होते.
"सुमा, लिहू?"
"राहू द्या आत्ता."
हातपाय धुतले, पोळ्यांना लागले. आईने ताटं मांडायला म्हणून टेबल आवरलं, फॉर्मला मात्र हात लावला नाही. त्याच्या भोवतीने ताटं मांडली. बाबा जेवले. पेन अजून उघडंच आहे.